एक तुरट मुदत ठेव

ज्या गोष्टी आपल्याला परवडत नाहीत त्यांच्याबद्दल बोलू नये, असा एक मध्यमवर्गीय संकेत आहे. मला तो मान्य नाही. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला तो मान्य करून चालतच नाही. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी ज्या रकमा मोजतो, तपासतो, ज्यांच्यावर शिक्के मारतो आणि प्रसंगी ज्यांच्याबद्दल 'सही जुळत नाही' असं निर्भीड मत देतो, त्यांतला एक रुपयाही माझा नसतो. दुसऱ्याच्या मालाची कसून पारख करायची आणि मग तो जसाच्या तसा परत करायचा, याला आम्ही बँकिंग म्हणतो. साहित्यातले लोक यालाच समीक्षा म्हणतात. फरक इतकाच, की समीक्षकाला संध्याकाळी कॅश टॅली करावी लागत नाही.

तेव्हा बारोलो नावाच्या इटालियन तांबड्या वाइनवर मी हा टीकालेख लिहितो आहे, यात दचकण्यासारखं काही नाही. शिवाय इटलीशी माझा धंदेवाईक संबंध आहे. 'बँक' हा शब्दच मुळी इटलीतला. तिथले सावकार बाकावर बसून व्यवहार करत, त्या बाकाला 'बांको' म्हणत. जमा आणि नावे अशी दुहेरी नोंद कशी करायची हे छापील पुस्तकात सविस्तर मांडलं ते लुका पाचोली या साधूने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसाने दुसऱ्यांचे हिशेब लिहायला शिकवावं, आणि पुढे पाच शतकांनी त्यात बी.कॉम.ची पोरं नापास व्हावीत! ज्या देशाने माझ्या तरुणपणाची तीन वर्षं खाल्ली, त्याच्या एका बाटलीवर मत द्यायचा हक्क मला नक्कीच पोचतो.

बाटल्या मिळाल्या मेहुण्याकडून. तो तुरीनला असतो आणि बारोलोच्या टेकड्या तिथून मोटारीने तासा-सव्वा तासावर. गेल्या दिवाळीत आला तो दोन बाटल्या घेऊन. एक २०१९ सालची आणि दुसरी १९९६ सालची. ही दुसरी त्याला त्याच्या कारखान्यातल्या एका निवृत्त वृद्धाने दिली होती. म्हाताऱ्याने घर लहान केलं, तळघर गेलं, तेव्हा तळघरातली मंडळी वाटून टाकली. "भाऊजी, ही धाकटी आणि ही थोरली," असं सांगत मेहुण्याने दोघींना टेबलावर उभं केलं. कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि तो 'प्रकृतीचं रक्षण व संवर्धन' यासाठी दिला जातो. माझ्याकडे तो आहे. लेखातला यापुढचा सगळा भाग माझ्या प्रकृतीच्या संवर्धनासाठी आहे असं समजावं.

आधी खातेदाराची ओळख पटवू. आमच्याकडे त्याशिवाय खातं उघडत नाही.

नाव: बारोलो. पत्ता: इटलीच्या वायव्य कोपऱ्यातला पीडमाँट प्रांत, त्यात आल्बा नावाचं शहर, त्याच्या आसपासच्या लांगे नावाच्या टेकड्या. बारोलो हे मूळ एका खेड्याचं नाव. वस्ती हजाराच्या आतली. पण गावात किल्ला आहे, किल्ल्यात वाइनचं संग्रहालय आहे, आणि बुचं उपसण्याच्या स्क्रूंचं पुन्हा वेगळं संग्रहालय आहे. ज्या गावाने बूच काढायच्या हत्याराला काचेच्या कपाटात बसवलं, त्याची श्रद्धा कशावर आहे हे वेगळं सांगायला नको. या खेड्यासह एकूण अकरा गावांच्या ठरावीक मळ्यांत जी होते तिलाच बारोलो म्हणायचं. बाराव्याने म्हटलं तर गुन्हा. २०१४ साली युनेस्कोने या टेकड्यांना जागतिक वारशाच्या यादीत घातलं, म्हणजे आता द्राक्षांबरोबर पर्यटकही पिकतात.

कुळ: नेब्बिओलो. ही द्राक्षाची जात. 'नेब्बिया' म्हणजे इटालियनमध्ये धुकं. ऑक्टोबरात टेकड्यांवर धुकं उतरू लागतं तेव्हा कुठे हे द्राक्ष तोडणीला येतं, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. याचा स्वभाव मला फारच ओळखीचा वाटला. वसंतात इतरांच्या आधी याला कोंब फुटतात आणि पिकतं मात्र सगळ्यांच्या मागून. म्हणजे हजेरीपटावर पहिली सही यांची आणि ऑफिसातून शेवटी निघणारेही हेच. साल पातळ, पण आत खार आणि ताठा भरपूर. उतार उन्हाकडे तोंड करून नसेल तर पिकणार नाही. बदली तर मुळीच सोसत नाही. निरनिराळ्या देशांतल्या हौशी लोकांनी हे द्राक्ष आपापल्याकडे लावून पाहिलं, पण त्याचा जीव रमतो तो आल्ब्याच्या पंचक्रोशीतच. असे एक हेडक्लार्क आमच्या शाखेत होते. प्रमोशन नाकारलं, पण पार्ल्याच्या पुढे गेले नाहीत.

मुदत: ज्या वर्षी द्राक्षं तोडली त्या वर्षीच्या एक नोव्हेंबरपासून अडतीस महिने. त्यांतले किमान अठरा लाकडी पिंपात. 'रिझर्वा' असं लेबल लावायचं असेल तर बासष्ट महिने. तोवर बाजारात आणायची नाही, असा कायदा आहे. १९८० साली या वाइनला तिथल्या सरकारने 'नियंत्रित आणि हमीची' असा सर्वांत वरचा दर्जा दिला. बाटलीच्या गळ्याशी नंबर छापलेली सरकारी पट्टी असते. ती पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. अडतीस महिने मोडता न येणारी, सरकारी हमीची, अनुक्रमांक असलेली पावती! ही वाइन नव्हे, ही मुदत ठेव आहे.

आता वाडवडिलांच्या मोठेपणाचं थोडं. बारोलोला 'राजांची वाइन आणि वाइनांतला राजा' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तिथे जूलिया फाल्लेत्ती नावाची सरदारीण होती, मूळची फ्रान्सची. तिने या वाइनला मोठ्या घरी पोचवलं. आख्यायिका अशी, की राजा कार्लो आल्बेर्तो तिला म्हणाला, "बाई, तुमच्या वाइनबद्दल ऐकतो फार, चाखायला मात्र मिळत नाही." बाईंनी राजवाड्यावर पिंपांच्या गाड्या पाठवल्या. किती? तीनशे पंचवीस. वर्षाच्या दर दिवसाला एक, उपासाचे चाळीस दिवस वजा करून. गोष्ट खरी की खोटी ते इतिहासकार पाहतील, पण सुट्ट्या वजा करून हिशेब लावणाऱ्या बाईबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्याच काळात शेजारच्या ग्रिन्झाने गावचा नगराध्यक्ष होता काव्हूर. होय, तोच शाळेतल्या इतिहासातला, मॅझिनी-गॅरिबाल्डीबरोबरचा. १८३२ पासून सतरा वर्षं त्याने या गावाचा कारभार पाहिला, द्राक्षमळे सुधारले, आणि मग उरलेल्या वेळात इटली एक केली.

आता मूळ मुद्दा. चव कशी आहे?

धाकटीपासून सुरुवात केली. बारोलो 'रूम टेंपरेचर'ला प्यावी असं पुस्तकांत असतं. ही रूम कुणाची, हे पुस्तकांत नसतं. ती युरोपातली जुनी दगडी खोली, सतरा-अठरा अंशांची. आमच्या ठाण्याच्या खोलीत दिवाळीतही तीस अंश असतात. म्हणून बाटलीला थोडा वेळ बर्फाच्या बादलीत बसवलं. मोठ्या पोटाचे ग्लास हवेत असंही म्हणतात. आम्ही सरबताचे घेतले.

रंग पाहून पहिली फसगत होते. 'वाइनांतला राजा' म्हटल्यावर दाट, काळपट, शाईसारखं काही येईल असं वाटतं. येतं ते पातळ कोकमाच्या सरबतासारखं. पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं इतकं पारदर्शक. वास मात्र राजाचा खरा. या वासाचं वर्णन जगभरचे जाणकार दोन शब्दांत करतात: डांबर आणि गुलाब. ऐकून हसू येतं. पण ग्लास नाकाशी नेल्यावर मला आठवली ती लग्नसराईतली एक संध्याकाळ. बाहेर रस्त्यावर पावसाळ्यापूर्वीचं डांबर ओतणं चाललंय आणि दारात कुणी तरी गुलाबपाणी शिंपडतंय. बारोलोचा वास तसाच आहे, आणि चक्क चांगला आहे. दोन वास एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारी उभे राहतात. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांसारखे.

मग घोट. पहिल्या क्षणी चेरीसारखं फळ लागतं, आंबटसर आणि स्वच्छ. दुसऱ्या क्षणी तुरटपणा येतो, आणि तिसऱ्या क्षणापासून फक्त तुरटपणाच राहतो. हिरड्या आवळल्या जातात, जीभ टाळ्याला जाऊन बसते, गाल आतून एकमेकांना भेटायला बघतात.

या ठिकाणी मराठी माणसाने थोडी मान ताठ करावी असं मला वाटतं. या चवीला इंग्रजीत जो शब्द आहे तो ऐकून दाढीनंतरचं लोशन आठवतं. आपल्याकडे मात्र तुरट हा रीतसर षड्रसांतला एक रस आहे. कच्चं केळं, हिरडा, आवळा, सुपारी, जांभूळ, काजूचं बोंड, इतक्या तऱ्हांचा तुरट आपण बालपणीच पाठ केलेला असतो. बारोलोचा तुरट बोंडाच्या जवळचा, पण बोंडासारखा घशात भांडत बसत नाही. तो हिरड्यांपाशी चौकी लावतो. हे काम टॅनिनचं. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असलेलं हे द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. कोऱ्या चहाचा घोट घ्या, तेच. आणि चहात दूध घातल्यावर तो निवतो, कारण टॅनिन दुधातल्या प्रथिनांवर तुटून पडतं आणि आपल्याला सोडतं. म्हणूनच पीडमाँटमधले लोक बारोलो नुसती पीत नाहीत. मांस बारोलोतच तासन्‌तास शिजवतात आणि वर बारोलो पितात, किंवा जुनं चीज खातात. चार शेंगदाणे पुढे ठेवून 'बसायची' ही वाइन नाही. आपल्या झणझणीत रश्श्याशीही तिचं पटत नाही, तिखट आणि तुरट मिळून जिभेवर दंगल करतात. आमच्याकडे बेताच्या तिखटाचं सुकं मटण होतं, त्याच्याबरोबर ती जरा माणसांत आली.

आमच्या सौभाग्यवतींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आवळा खाल्ल्यावर निदान वरून पाणी प्यालं की गोड लागतं." मी लगेच पाणी पिऊन पाहिलं. गोड लागलं नाही. धाकटीवरचा माझा अभिप्राय असा: बुद्धिमान, खानदानी, अक्षर सुरेख, पण चहाच्या कपात बिस्कीट बुडवून हसावं असा मोकळेपणा नाही. नवीन लागलेल्या ऑडिटरसारखी.

इथे एखादा समीक्षक लेख आटोपता घेईल. पण ही वाइन अशी, की तिच्यावरचा पहिला अभिप्राय नेहमी अपुरा असतो. त्यासाठी आपल्या भाषेतलं एक क्रियापद हाताशी घ्यावं लागतं: मुरणं.

वस्तू जुनी होण्याचे आपल्याकडे किती तरी प्रकार आहेत. भाकरी शिळी होते, पीठ आंबतं, तूप खवट होतं, फळ कुजतं, कापड विटतं, आणि लोणचं मुरतं. काळ सगळ्यांवरून सारखाच जातो, क्रियापद मात्र ज्याचं त्याचं. नुसत्या काळाने काही मुरत असतं तर आमच्या रेकॉर्डरूममधल्या फायली एव्हाना चाखण्यासारख्या झाल्या असत्या. लोणचं मुरतं कारण कैरी मुळात करकरीत आणि आंबट असते, मीठ-मोहरी तिच्याशी भांडते, आणि वर्षभर बरणीत दोघं एकमेकांना वाकवत राहतात. पिकल्या आंब्याचं लोणचं घाला. मुरणार नाही, सडेल. जगातली बहुतेक वाइन ही पिकल्या आंब्याच्या जातीची आहे. वर्ष-दोन वर्षांत प्यावी, आनंद मानावा, बाटली भंगारवाल्याला द्यावी. तीस वर्षं ठेवली तर ती जुनी होईल, मुरणार नाही.

बारोलोत मुरायला ऐवज असतो, आणि तो ऐवज म्हणजेच तो छळवादी तुरटपणा आणि ती आंबट धार. बाटली आडवी, अंधारात, बारा-चौदा अंशांच्या गारव्यात पडून असते. बुचामधून हवा येते ती अगदी पेन्शनीच्या महागाई भत्त्यासारखी, लागलीच नाही म्हणावं इतकी. आत रंगद्रव्यं आणि टॅनिन एकमेकांना जोडली जातात, सुटतात, पुन्हा वेगळ्या जोड्या लावतात. काही जड होऊन गाळ म्हणून तळाला बसतात. माणिकासारखा रंग विटेकडे झुकतो. फळाचा वास मागे सरतो आणि सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, तंबाखू, कातडं, पावसाळी जंगलातली ओली पानं असे वास पुढे येतात. हा प्रवास सरळ नसतो. मधली काही वर्षं ती चक्क अबोला धरते. वास नाही, बोलणं नाही, विचारलं तर एका शब्दात उत्तर. सोळा वर्षांचा मुलगा घरात असलेल्यांना ही अवस्था समजावून सांगायला नको.

थोरलीला दिवसभर उभं करून ठेवलं होतं, गाळ खाली बसावा म्हणून. बूच अर्ध्यावर तुटलं. मेहुण्याने उरलेलं अर्धं असं हळू काढलं, जशी काय पायातली काच. ओतली तेव्हा रंग मध्ये विटेचा आणि कडेला नारिंगी. पहिला अर्धा तास वास आला तो आजीच्या पेटीचा. सौभाग्यवती म्हणाल्या, "गेलीय ती." मेहुणा म्हणाला, "ताई, थांब." आम्ही जेवायला बसलो. आणि जेवणाच्या मध्यावर, कुणीही काही न करता, खोलीत गुलाब आला. ताजा नव्हे, वहीत ठेवलेला. मागून डांबराची आठवण, कडू संत्र्याची साल, जुन्या पुस्तकाचं कातडं. घोट घेतला. तुरटपणा होता! मला वाटलं होतं, तो गेला असेल. गेला नव्हता. पण आता तो हिरड्यांपाशी चौकी लावत नव्हता, दारात उभा राहून या म्हणत होता. गिळल्यावर चव मिनिटभर तरी मागे रेंगाळत होती. ती ओसरेपर्यंत टेबलावर कुणी बोललं नाही, आणि आमच्या घरात हे सहसा घडत नाही.

म्हणजे बारोलो म्हातारपणी गोड होत नाही. वय झालं की माणूस निवतो, मवाळ होतो, असं आपण म्हणतो आणि त्याला मुरणं समजतो. ते कित्येकदा नुसतं थकणं असतं. या बाटलीत तिचा मूळचा हेका शाबूत होता. फक्त त्या हेक्याला आता काही सांगायचं होतं.

मग सगळेच का थांबत नाहीत? कारण थांबायला पैसे लागतात, आणि यावरूनच बारोलोच्या टेकड्यांवर १९८० च्या दशकात मोठं भांडण झालं. तो मुलूख आज श्रीमंत आहे, तेव्हा नव्हता. मळेवाले द्राक्षं व्यापाऱ्यांना मिळेल त्या भावाने विकत. पोरं मळे सोडून तुरीनला फियाटच्या कारखान्यात जात, किंवा आल्ब्यातच फेरेरोच्या कारखान्यात. होय, नुटेलावालेच ते. मागे राहिलेल्या तरुणांनी विचार केला, की आजोबांची पद्धत म्हणजे द्राक्षांची सालं महिना-दोन महिने रसात ठेवायची, मग वाइन वर्षानुवर्षं अवाढव्य जुन्या पिंपांत ठेवायची, आणि मग गिऱ्हाइकाने पुन्हा पंधरा वर्षं वाट पाहायची. इतक्यात गिऱ्हाईक मरतं. मग त्यांनी सालीचा मुक्काम आठवड्यावर आणला, फ्रेंच ओकची सव्वादोनशे लिटरची नवी छोटी पिंपं आणली, आणि तरुणपणीच बोलकी होणारी गुळगुळीत बारोलो काढली. एलिओ आल्तारे नावाच्या तरुणाने १९८३ साली यंत्रकरवत घेऊन वडिलांची जुनी पिंपं कापून काढली. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून काढलं. उलट बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो हे जुन्या वळणाचे. त्यांनी १९९९ साली स्वतः रंगवलेल्या लेबलवर छोट्या पिंपांना आणि बर्लुस्कोनीला एकाच दमात 'नको' म्हणून टाकलं. असा टीकालेख मी अजून दुसरा वाचलेला नाही. एका ओळीत साहित्य आणि राजकारण दोन्ही उरकलं आहे.

निकाल काय लागला? दोघांचं थोडं थोडं खरं ठरलं. नव्या लाकडाने कित्येक बारोलो व्हॅनिलाच्या आइस्क्रीमसारख्या लागू लागल्या, हे पुढे नव्यांनाही कळलं, आणि मोठी पिंपं पुष्कळ ठिकाणी परत आली. पण तळघरातली घाण गेली, मळ्यात निगा वाढली, ही नव्यांचीच देणगी. आणि त्या पोरांना मी दोष देऊ शकत नाही. धीर धरा असं सांगणं त्यालाच सोपं, ज्याच्या घरी पगार एक तारखेला येतो. मी त्यांतलाच आहे.

घाईने निकाल देणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. २००२ साल बारोलोला फार वाईट गेलं. पाऊस, आणि सप्टेंबरात गारपीट. जाणकारांनी ते साल एकजात काढून टाकलं. जाकोमो कोन्तेर्नो या घराण्याच्या मळ्यातली द्राक्षं मात्र वाचली होती. त्यांनी त्या वर्षी साधी बारोलो काढलीच नाही. होतं ते सगळं 'मोन्फोर्तीनो' या आपल्या सर्वांत वरच्या वाइनसाठी मोठ्या पिंपात घातलं आणि वर्षानुवर्षं तिथे राहू दिलं. बाहेर आली तेव्हा ज्यांनी साल काढून टाकलं होतं त्यांच्यातल्याच लोकांनी टोप्या उडवल्या. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या सर्व साहेबांनी ही गोष्ट ड्रॉवरमध्ये ठेवावी.

आता दोष. ते सांगितले नाहीत तर ही जाहिरात होईल. पहिला, किंमत. साध्यातली साधी बरी बारोलोसुद्धा इटलीतच तीस-चाळीस युरोंच्या घरात जाते, नामांकितांचे भाव तर घरभाड्यासारखे ऐकायचे आणि सोडायचे. दुसरा, भरवशाचा अभाव. तीस वर्षं जपलेली बाटली बुचाच्या दोषाने ओल्या पुठ्ठ्यासारखी निघू शकते, आणि तक्रारीची खिडकी नाही. तिसरा, तिच्याभोवती जमलेले लोक. ती पिण्यासाठी न घेता भाव चढेल म्हणून कोंडून ठेवणारा एक वर्ग आहे. त्यांच्या तळघरात आणि आमच्या लॉकररूममध्ये मला फरक दिसत नाही.

आणि शेवटचा दोष सगळ्यांत मोठा. या ठेवीवर मुदतपूर्तीची तारीख छापलेली नसते. अडतीस महिन्यांची ती किमान अट झाली. पुढे दहा, वीस, तीस, कधी ना कधी एक दिवस ती कळसाला पोचते, आणि मग उतरू लागते. फळ जातं, गुलाब जातो, उरतो तो आंबटपणा आणि गाळ. कळस कधी हे बाहेरून कळत नाही. उघडूनच पाहावं लागतं, आणि उघडली की संपली.

आमच्या काउंटरवर एक काका येत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवपावत्या, पिशवीला दोन रबर. मुदत संपली की यायचं, पावती पुढे करायची आणि म्हणायचं, "रिन्यू करा." व्याजासकट. मी एकदा विचारलं, "काका, काही काढायचं नाही का?" म्हणाले, "चांगलं काही निघालं की काढू." पुढच्या मुदतीला ते आले नाहीत, त्यांचा पुतण्या आला. नॉमिनेशन होतं म्हणून निदान तो तरी आला. दहा वर्षं कुणीच फिरकलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग करावी लागते, २०१४ पासून तसा नियम आहे. त्या याद्या तयार करायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. त्या यादीतली प्रत्येक रक्कम कुणी तरी पोटाला चिमटा घेऊन, चांगल्या प्रसंगासाठी म्हणून ठेवलेली असते. प्रसंग आलाही असेल. त्यांना तो पुरेसा चांगला वाटला नसेल.

तेव्हा माझा अंतिम अभिप्राय पुढीलप्रमाणे. बारोलो ही श्रेष्ठ वाइन आहे, कारण तिच्या तरुणपणीच्या दुर्गुणांतूनच तिचे म्हातारपणीचे गुण होतात, आणि हे फार थोड्या वस्तूंना आणि त्याहून थोड्या माणसांना साधतं. तिच्यासाठी थांबणं योग्य आहे. पण थांबणं हे उघडण्यासाठी असतं. तुरीनच्या त्या म्हाताऱ्याने तळघर रिकामं करताना एक बाटली एका परक्या मुलखातल्या सहकाऱ्याला दिली, आणि ती कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर गेली. ठेव योग्य वेळी योग्य माणसाला अदा झाली. याहून चांगली नोंद पाचोलीलाही सुचली नसती.

वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी एखादी बाटली असेलच असं नाही. पण पैठणी असते, चांदीच्या वाट्या असतात, पाहुण्यांसाठीचा कपबशांचा सेट असतो, आणि ज्याला फोन करायचा राहून गेला आहे असा एखादा मित्र असतो. आपल्या हवेत काहीही तेरा अंशांवर राहत नाही. येत्या रविवारी त्यांतलं एक काही तरी काढा. निमित्त विचारलं तर 'मुदत भरली' म्हणून सांगा.